अठ्ठेचाळीस पानांची हळद

सुरुवातीलाच माफी मागतो. लेख लिहिण्याची माझी तयारी नाही, हे मी सरांना सांगून पाहिलं. मागच्या वर्षी कॉलेजच्या वार्षिकांकाची पानं केलीस, यंदा एक पान लिहून दे, असं ते म्हणाले, आणि सरांना नाही म्हणायला मला अजून जमत नाही. आमच्या घरातून माझ्याआधी कुणी कॉलेजात आलेलं नाही. घरात छापलेलं म्हणून जे काही होतं ते खताच्या पोत्यावरची अक्षरं, सोयऱ्यांच्या लग्नपत्रिका आणि आम्हा दोघा भावंडांची शाळेची पुस्तकं. त्यामुळे आपण लिहिलेलं कुणीतरी बसून वाचणार, या विचारानं हात अवघडतो. मला अक्षरांच्या मागचा रंग भरता येतो. अक्षरं आजवर दुसऱ्यांची होती. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

सध्या हिंगोलीत हळदीचे दिवस आहेत. मोंढ्याच्या बाजाराकडून वारा आला की माझ्या खोलीत तो वास येतो, ओल्या मातीचा, थोडा कडवट, थोडा औषधासारखा. एसटीच्या दांड्यावर पिवळी बोटं उमटलेली असतात. मी कॉलेज सुटल्यावर ज्या दुकानात काम करतो, तिथं लग्नपत्रिकांचे नमुने बघायला शेतकरी येतात आणि त्या गुळगुळीत नमुन्यांवरही अंगठ्याचे पिवळे ठसे राहतात. दुकानाचे मालक सलीमभाई ते ओल्या फडक्यानं पुसत बसतात आणि म्हणतात, पत्रिकेला हळद लावायचं काम लोक आमच्याच दुकानात करून राहिले.

या वासानं इतरांना काय आठवतं मला ठाऊक नाही. मला मागचा हंगाम आठवतो. त्या हंगामात मी कॉलेजच्या वार्षिकांकाची अठ्ठेचाळीस पानं रंगवली, आणि त्याच हंगामात माझ्या धाकट्या बहिणीचा, रंजूचा, बारावीचा एक पेपर बुडाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही असं घरचे म्हणतात. मी वर्षभर त्या वेगळ्या करून बघतोय. होत नाहीत.

अंकाची कल्पना माझीच होती. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मागचा रंग थोडाथोडा बदलत जावा, पण कुठे बदलला ते वाचणाऱ्याला कळू नये. एका पानाच्या कडेला रंग जिथं संपेल, तिथूनच पुढच्या पानाचा सुरू व्हावा. जणू एकच लांब कापड रंगवलं आणि त्याचे तुकडे करून पानं शिवली. अंक मिटून हातात धरला की कडेवरसुद्धा तो रंग सरकत गेलेला दिसावा. दुकानातल्या संगणकावर हे अवघड नाही. डिझाइनच्या सॉफ्टवेअरला एक सुरुवातीचा रंग आणि एक शेवटचा रंग दिला की मधल्या सगळ्या छटा ते आपोआप भरतं. मी कच्चा पिवळा दिला, गडद केशरी दिला, आणि अर्ध्या तासात अंक तयार झाला.

सलीमभाईंनी मान वाकडी करून पडद्याकडे बघितलं. "क्या रे गजानन, कॉलेजची किताब हाय का मिठाईचा डब्बा?"

मला राग आला, पण ते बरोबर बोलत होते. तो पिवळा कुठलाच नव्हता. तो फक्त संगणकातला पिवळा होता.

तेव्हा मला आमच्या खळ्यावरची हळद आठवली. आमच्या गावी, साखऱ्याला, आमचं थोडं रान आहे. बाकी सगळं पावसावर, पण विहिरीजवळच्या तुकड्यात दरवर्षी हळद असते. जमिनीतून निघते तेव्हा ती मातीच्याच रंगाची असते, फक्त मोडलेल्या जागी पिवळं उघडं पडतं. हळदीच्या मोठ्या कुकरात वाफवली की अंगभर पेटल्यासारखी केशरी होते. मग उन्हात वाळताना रोज एकेक पायरी उतरते, सुरकुतते, वरची साल फिकट राखेसारखी दिसायला लागते. आणि शेवटी फिरत्या लोखंडी ढोलात घासून निघाली की पुन्हा सोन्यासारखी. म्हणजे हळद पिवळ्यापासून केशरीपर्यंत सरळ जात नाही. ती वर जाते, खाली येते, कोमेजते, उजळते. मला वाटलं, माझ्या अंकानंही असंच चालावं. अठ्ठेचाळीस पानांत हळद निघावी, शिजावी, वाळावी.

मी रंजूला फोन केला. रोज दुपारी हळदीचा एक फोटो काढून पाठव म्हणालो. ऊन रोज सारखं असावं म्हणून वेळ एकच, दुपारची. शेजारी एक पांढरा कागद ठेव, म्हणजे खरा रंग मला ओळखता येईल. आणि सावली पडू देऊ नको. ती म्हणाली, हळदीचा फोटो? लोक पोरींचे फोटो मागतात, तू हळदीचा मागून राहिला. मी म्हणालो, दोन मिनिटांचं काम आहे.

दोन मिनिटांचं काम. हे वाक्य मी किती सहज म्हणालो होतो.

फोटो येऊ लागले. सोबत रंजूची एखादी ओळ असायची. ‘आज तुझी नवरी वाफेतून निघाली, बघ.’ ‘आज रुसली हाय, अंग आकसून बसली.’ ‘मायनं पाय दिला हिच्यावर, तरी फोटो चांगला आला.’ कधी कडेला तिची बोटं असायची, नखांपर्यंत पिवळी. मी फोटो मोठा करून त्यावर ड्रॉपर टेकवायचो. ड्रॉपर म्हणजे सॉफ्टवेअरमधलं रंग उचलायचं हत्यार. जिथं टेकवाल तिथला रंग ते उचलून देतं. पिवळा किती टक्के, किरमिजी किती, काळ्याचा किती अंश, सगळं आकड्यांत समोर येतं. त्या दिवसाचा रंग मी त्याच्या पानावर बसवायचो. अशा बसवलेल्या रंगाला थांबा म्हणता येईल. आपण थांबे सांगायचे, दोन थांब्यांमधला रस्ता ते भरून काढतं. साखऱ्याच्या खळ्यावरचा एकेक दिवस माझ्या पडद्यावर एकेक थांबा होत होता. इतका आनंद मला आधी कशातच झाला नव्हता, हेही खरं लिहिलं पाहिजे.

आता जे लिहायचं ते लिहिताना मी दोनदा उठून पाणी पिऊन आलो.

हळद शिजवायचा कुकर आमचा नाही. तो भाड्यानं येतो, ट्रॅक्टरमागं, रानोरान फिरत. ज्या दिवशी पाळी लागली त्या दिवशी शिजवायचं, नाही तर तो पुढच्या गावाला निघून जातो. दरवर्षी आमच्या पाळीला मी घरी असतो. वाफाळती हळद खाली पडते, ती फावड्यानं ओढून पसरवायची, पुढं दोन आठवडे रोज हलवायची, सांजेला गोळा करायची. मागच्या वर्षी वडिलांचा, आबांचा, खांदा धरला होता. हात डोक्यावर जात नव्हता. तरी मी फोनवर सांगितलं की अंकाचं काम आहे, येणं होणार नाही. आबा म्हणाले, "कामाचं हाय तर ऱ्हा तिथंच. आमी बघतो." त्यांनी एकदाही ये म्हटलं नाही. रागावले असते तर मला आज बरं वाटलं असतं.

माझं फावडं रंजूनं धरलं. तिची बारावीची परीक्षा त्याच दिवसांत होती. सकाळी खळं, मग तालुक्याला, सेनगावला पेपर, त्या दिवशी फोटो नसायचा; ज्या दिवशी पेपर नाही त्या दिवशी दिवसभर खळं. हे सगळं मला माहीत होतं. तिचं वेळापत्रक माझ्या मोबाइलमध्येही होतं. माहीत असणं आणि ध्यानात असणं यांत किती अंतर असतं, ते मला त्या वर्षी कळलं.

अर्थशास्त्राच्या पेपरच्या दिवशी सकाळी आभाळ आलं. हे मला नंतर कळलं. त्या सकाळी हिंगोलीतही आभाळ असणारच, पण मी पंख्याखाली बसून पान जुळवत होतो. शिजलेली हळद उघड्यावर पसरलेली असताना पाऊस आला तर ती काळी पडते, मग तिला कुणी हात लावत नाही. गावात त्या दिवशी मजूर मिळणं शक्य नव्हतं, सगळ्यांचीच हळद उघड्यावर होती. माय आणि आबा घमेल्यानं गोळा करायला लागले. रंजू धुतलेले कपडे घालून, दप्तर घेऊन सेनगावच्या जीपसाठी निघाली होती. ती वळून आली. अर्धं झालं की पळते म्हणाली. आबांचा हात वर जात नव्हता, ताडपत्री ओढायला दोन धड माणसं लागतात. अर्धं झालं तोवर जीप गेली. दुसरी मिळाली असती तरी पेपर सुरू झाल्यावर आत कोण घेतं?

दुपारी मला फोटो आला. नेहमीच्या वेळी. निम्मी हळद निळ्या ताडपत्रीखाली, उजेड मळका, पांढरा कागदही राखाडी दिसत होता. मी ड्रॉपर टेकवला, रंग घाण आला. मी तिला लिहिलं, ‘आज नीट नाही आला. ऊन पडल्यावर परत काढ.’

तिनं लिहिलं, ‘बरं.’

आणि परत काढला. थोड्या वेळानं आला, कारण आभाळ फुटलं होतं. चार थेंब पडून पाऊस निघून गेला होता. दुसऱ्या फोटोत ऊन होतं आणि हळद ओल्यासारखी लखलखत होती. मी तो रंग उचलला, पानावर बसवला, आणि चहा प्यायला गेलो. मुलगी परीक्षेच्या खोलीत असायला हवी त्या वेळी तिचा फोटो आलाच कसा, एवढंही मला सुचलं नाही. मी हळदीकडे बघत होतो.

संध्याकाळी फोन केला तो ताडपत्रीचा निळा रंग फोटोवर उतरतो, ती जरा लांब सरकव, हे सांगायला. मायनं उचलला. बोलता बोलता मी विचारलं, रंजूचा पेपर कसा गेला.

"न्हाई गेली ती," माय म्हणाली. "हळद झाकली."

मागं सलीमभाई गिऱ्हाइकाला लग्नाच्या मजकुरातली नावं वाचून दाखवत होते, चिरंजीव अमुक, चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी अमुक. त्या आवाजातच माय मला सांगत होती की हळद वाचली, नशीब.

रंजूशी बोलणं झालं ते दुसऱ्या दिवशी. मी म्हणालो, मला काहून नाही सांगितलं? ती म्हणाली, सांगून तू हिंगोलीहून ताडपत्री ओढणार होता का? मग हसली. तिचं हसणं ऐकून मला जास्त लाज वाटली. जुलैत पुन्हा परीक्षा असते, मी म्हणालो. बघू, म्हणाली. त्या दुपारीही तिनं फोटो पाठवला, मी पाठव म्हटलं नव्हतं तरी.

अंक छपाईला नांदेडला जायच्या आधी मी सगळी पानं ओळीनं पडद्यावर लावली. लहान लहान करून, एका नजरेत मावतील अशी. रंग छान सरकत होता, फक्त एका जागी टक्कन अडखळत होता. डोळा तिथं जाऊन थांबायचा. तो त्या दिवसाचा थांबा होता. पहिल्या फोटोतला मळका रंग मी टाकून दिला होता, पण दुसऱ्यातलाही बाजूच्या दिवसांशी जुळत नव्हता. पावसानंतरचं ऊन वेगळंच असतं. सलीमभाईंनीही बोट तिथंच ठेवलं. इथं पट्टा दिसतो बघ, म्हणाले, छपाईत अजून उठून दिसेल.

मी तो थांबा काढून टाकला. एक क्लिक. बाजूच्या दोन दिवसांनी एकमेकांना हात दिला आणि मधली जागा अशी भरून निघाली की तिथं काही होतं हे मलाही ओळखू येईना. अंक आला तेव्हा सगळ्यांनी नावाजला. स्नेहसंमेलनात माझं नाव पुकारलं, शाल दिली. सरांनी अंक मिटून धरला आणि कडेवरून बोट फिरवत सगळ्यांना दाखवलं की बघा, रंग कुठं बदलतो ते सापडतं का.

एक अंक मी घरी नेला. आबांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि जपून भिंतीतल्या देवळीत ठेवायला निघाले. रंजूनं तो काढून घेतला. ओसरीवर बसून ती पानं उलटत गेली, मजकूर न वाचता, फक्त रंग बघत. ही निघाली त्या दिवसाची. ही कुकरच्या दिवसाची, हिच्यात वाफ हाय अजून. ही बुधवारची. तिला दिवस ओळखता येत होते. मी तिच्या शेजारी उभा होतो. ती मधल्या पानांवर आली. दोन पानं पुढं गेली, परत मागं आली.

"आभाळाचा दिवस कुठं हाय याच्यात?"

मी म्हणालो, तो काढावा लागला. डोळ्याला टोचत होता.

तिनं पानावरून हात फिरवला. मग म्हणाली, "बरं केलं," आणि अंक मिटून आबांकडे दिला.

तिला टोमणा मारायचा असता तर तिनं सरळ मारला असता, आमच्या घरात ती त्यासाठीच प्रसिद्ध आहे. म्हणून ते दोन शब्द मला अजून उलगडत नाहीत. मला फार वाटलं होतं की तिनं भांडावं. तिचा तो दिवस आधी मी खळ्यावर घालवला, मग अंकातूनही काढून टाकला, आणि वर त्याच अंकासाठी शाल पांघरली.

जुलैत ती परीक्षेला बसली नाही. पेरणी हाय, म्हणाली. मी फोनवर दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी तिनं फोन मायकडे दिला. त्यानंतर मी विचारणं सोडलं. खरं सांगायचं तर मला हायसंही वाटलं होतं. विचारायचं नाही म्हटल्यावर उत्तर ऐकायचंही उरत नाही.

या वर्षी मी कुकरच्या पाळीला घरी गेलो. फावडं मीच धरलं. आबांचा खांदा आता बरा आहे, तरी मी त्यांना बाजूला बसवलं. दर रविवारी जातो, हळद हलवतो, गोळा करतो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत येतो. हातांना फोड आले ते मला आवडले, आणि आवडले याचीच पुन्हा लाज वाटली. असे फोड आणून कुणाचा पेपर परत येत नाही. रंजू खळ्यावर फारशी नसायची. मी आलो की ती कापडाची पिशवी घेऊन शेजारच्या काकूकडे निघायची. शिवणकाम शिकून राहिली, माय म्हणाली. मला वाटलं, चला, हे असं ठरलं तर. काकूकडची शिलाई, मग कुठलंतरी घर, आणि मी शहरात बसून लोकांच्या पत्रिकांना रंग भरणार, एखाद्या दिवशी तिच्याही.

यंदाच्या अंकाची पानं माझ्याकडे नाहीत, दुसरा विद्यार्थी करतोय. त्यानं मला विचारलं, मागच्या वर्षीचा तो रंग कसा साधला, शिकव. मी त्याला थांबे कसे लावायचे ते दाखवलं. एखादा जुळत नसेल तर काय करायचं, त्यानं विचारलं. मी म्हणालो, असू दे तसाच. पान चांगलं दिसणार नाही, म्हणाला. मी म्हणालो, नाही दिसणार.

मी पुष्कळदा शोधलं की माझं चुकायला नेमकी सुरुवात कुठून झाली. फोटो पाठव म्हटलं तिथून? घरी येणार नाही म्हणालो तिथून? की त्याच्याही आधी, घरातल्या दोघांपैकी बाहेर शिकायला मला पाठवायचं ठरलं तेव्हापासून? तेव्हा मी नाही म्हटलं नव्हतं. कुठल्याच जागी बोट ठेवता येत नाही. एकातून दुसरं इतकं हळू निघालं की दर पावलाला वाटत होतं, अजून तर काहीच बदललं नाही.

लेख इथं संपवून सरांच्या हातात द्यायचा होता. शेवट नीट झालेला नाही हे कळत होतं, पण दुसरा सुचत नव्हता. दुकानात बसून मी तो पुन्हा सुवाच्य उतरवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. आबांचा. आबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरून बाहेर रस्त्यावर आलो.

"रंजी आली सेनगावहून," ते म्हणाले. "पेपर देऊन आली."

मी विचारलं, कोणता पेपर.

"तोच. ऱ्हायलेला."

रस्त्यावरून ट्रॅक्टर चालला होता, मला आबांना ते पुन्हा सांगायला लावावं लागलं. फॉर्म कधी भरला, अभ्यास कधी केला, माझ्या तोंडातून एकामागून एक प्रश्न निघत होते. आबा सावकाश सांगत होते. काकूकडं अभ्यासच चालला होता. काकूच्या सुनेची बारावी झालेली, ती शिकवत होती. घरात सगळ्यांना माहीत होतं.

"अन् मला काहून नाही सांगितलं?"

आबा म्हणाले, "तिनंच नको म्हनलं. दादाला कळलं तर तो पेपरच्या दिवशी सेंटरच्या दारात येऊन उभा ऱ्हाईल, म्हने, अन् असं तोंड करंल, की मला त्याचीच समजूत काढत बसावं लागंल. पेपर कवा लिहू?" मग ते हसले. आबांचं हसू मी फोनवर पहिल्यांदा ऐकलं. "सोपा गेला म्हनती. एक प्रश्न ऱ्हाऊन गेला, बाकी समदं लिहिलं."

मी म्हणालो, तिला द्या फोन.

"जेवली अन् तिथंच पडली. गाढ झोपली हाय. उठवू का?"

मी म्हणालो, नका उठवू.